तवा कुणी बिघडवला

वहिनीने नणंदेला आणि धाकट्या दिराला फोनवर एकच सांगितलं होतं, "रविवारी सकाळी आईंच्या घरी या. तव्याचं काहीतरी करायला हवं." बाकीचे दोघंही येणार आहेत, हे तिने प्रत्येकापासून लपवलं. स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे दादाला, तर तिने नुसतं 'शेगडी तेवढी जोडून द्या' म्हणून आणलं होतं. घर उघडायला तिने आईंचीच किल्ली मागून घेतली होती. वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाला पुढचं वळण फार आधी सांगितलं तर तो भररस्त्यात ब्रेक दाबतो, हा तिचा रोजचा अनुभव होता.

त्यामुळे ताई पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि ओट्याखाली वाकलेली दादाची पाठ तिला दिसली, तेव्हा ती उंबऱ्यातच थबकली. दादाने मागे वळून पाहिलं. त्याने मान हलवली, तिने मान हलवली. आई पडली तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तिघांचं जे भांडण झालं होतं, त्यानंतर भावंडांचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं. आई घरात एकटी का होती आणि त्या दिवशी येण्याची पाळी कुणाची होती, याचा निकाल त्या पॅसेजमध्ये लागला नाही आणि पुढेही लागला नाही. निरोप असले तर वहिनीमार्फत जायचे. वहिनी ते वाटेत जरा मऊ करून पोचवायची.

"गॅस आला का?" ताईने वहिनीकडे बघत विचारलं.

"आला म्हणून सांग तिला," ओट्याखालून दादा म्हणाला.

एवढ्यात धाकटा आला. तो पियानोचे सूर जुळवायची कामं करायचा. लहानपणी हातात येईल ते फुंकायचा म्हणून घरात त्याचं नाव पिपाणी पडलं होतं आणि केस पिकायला लागले तरी ते सुटलं नव्हतं. दोघांना एकदम बघून तो म्हणाला, "अरे वा! सगळे जिवंत आहेत की."

"बस," वहिनी म्हणाली. "ताई, काढा तो तवा."

ताईने पिशवीतून चादरीत गुंडाळलेला तवा काढून टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. तो जड होता आणि तिला थोडं आपटायचंही होतं. चादर सुटेना. पिपाणीने एक टोक धरून ओढलं तेव्हा ती चर्र करत निघाली आणि तिच्यावर तव्याची अर्धी कड उमटली. बिडाचा, खोलगट, लांब दांड्याचा तो तवा या घरातल्या प्रत्येकाने आपल्या पहिल्या जेवणापासून पाहिला होता. तेव्हा तो काळाभोर आणि तुळतुळीत असायचा. आता मध्यभाग तांबूस झाला होता, कडांना पिवळट राप चढला होता आणि दांड्याजवळ गंजाचे पोपडे सुटत होते. पिपाणीने बोट लावून पाहिलं. तवा बोट सोडेना.

"हे कुणी केलं?" दादा म्हणाला. या वेळी तो थेट ताईशी बोलला.

"कुणी काही केलं नाही म्हणूनच झालंय हे. तुझं गॅरेज इथून हाकेवर आहे, दादा. येता-जाता एकदा हात फिरवला असतास तर झिजला नसतास."

"आणि तू? हॉस्पिटलातल्या परक्या म्हाताऱ्यांची बोटं न् बोटं पुसतेस. आईच्या तव्याला तेवढा वेळ नव्हता?"

"आई माझ्या घरी आहे, दादा. कंबर मोडल्यापासून तिला उठवायचं, चालवायचं, आंघोळ घालायची, हे मी करतेय!"

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाली, "भांडण नंतर. ताई, गुरुवारी काय झालं ते यांना सांगा. मी सांगितलंय, पण माझ्या सांगण्यात तिखट कमी पडतं."

ताई खुर्चीवर बसली. गुरुवारपासून ती नीट झोपली नव्हती. आई काठी घेऊन का होईना चालायला लागली होती, पुढच्या महिन्यात तिला या घरी आणायचं आणि तिघांनी पाळ्या लावायच्या असं वहिनीच्या मध्यस्थीने ठरत आलं होतं. बुधवारी आई म्हणाली, माझा तवा आण ग, हाताला सवय करते. आईने कंबर मोडल्यापासून स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच. ताई आनंदाने येऊन तवा घेऊन गेली. घाईत तिने तो धड पाहिलाही नाही.

"तिने तव्यावर हात फिरवला," ताई म्हणाली. "मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले, पुसले आणि मला म्हणाली, 'त्या वृद्धाश्रमवाल्यांची खोली रिकामी होती ना? फोन लाव.' मी म्हटलं, आई, तवा आहे, घासला की होईल. तर म्हणते, 'तिघांना मिळून एक तवा सांभाळता आला नाही. मी तव्यापेक्षा जड आहे, आणि किरकिर करते ती वेगळीच.'"

पिपाणीने तवा जरा आपल्याकडे ओढला.

"आणि ती ऐकत नाहीये," ताईचा आवाज चिरकला. "बॅग भरलीय तिने. आज कपडे घ्यायला इथे येणार आणि इथूनच तिकडे जाणार. एकदा गेली की आई परत येणाऱ्यातली नाही. तुम्हाला माहितीये ती."

वहिनीने गाडीची किल्ली उचलली. "मी त्यांना आणायला जाते. लांबचा रस्ता घेते. तुम्ही तिघं भांडा नाहीतर तवा घासा. दोन्ही एका वेळी जमायचं नाही."

*

वहिनी गेल्यावर दादाने बाहेर जाऊन गाडीतून खोकं आणलं आणि त्यातली पत्र्याची पट्टी काढून तव्याची कड खरवडायला घेतली. पिपाणी शेजारी उभा राहून बघत होता. त्याचं नाक आणि कान दोन्ही तिखट होते. पहिला पिवळा पापुद्रा सुटला तसा एक वास आला आणि त्याला एकदम घाम फुटला. तो वास जवसाच्या तेलाचा होता. त्याच्या दुकानात लाकडावर हात फिरवायला तो तेच तेल वापरायचा.

आता बोलावं की गप्प बसावं, याचा तो विचार करत होता तोवर दादाची पट्टी आणखी खोल गेली आणि खालून करडा, चिकट लगदा वर आला. दादाचा हात थांबला. पिपाणी वाकला आणि त्याने पुन्हा वास घेतला. हाही वास त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी दादा गॅरेजमधून येऊन शेजारी झोपायचा तेव्हा उशीलाही तो यायचा.

"दादा," तो म्हणाला, "तू इथे येत होतास?"

"कोण? मी?"

"हे मशिन ऑइल आहे."

दादाचे कान लाल झाले. "आलो असेन एखाद्या वेळी. पार्ट पडून राहणार असला की ऑइल लावून ठेवायचा असतो. गंज धरत नाही."

"तो तवा आहे!" ताई ओरडली. "गिअरबॉक्स आहे का तो?"

"गंज चढायला लागला होता ग! मी प्रत्येक वेळी यायचो तर हा कोरडाठाक पडलेला असायचा. काळं ऑइल नव्हतं ते, कोरं होतं. मला वाटलं, तुम्ही कुणी ढुंकूनही बघत नाही. निदान माझ्याकडून तरी..."

"कोरडाठाक," ताई म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरायला लागला. "अरे, मी धुवायचे तो."

"काय?"

"ड्यूटी नसली की मी यायचे. खिडक्या उघडायचे, जाळी काढायचे. तवा बघावा तर ओशट, धूळ चिकटलेली. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी येऊन काहीतरी करून गेलं आणि धुवायचीही तसदी घेतली नाही. मग मी गरम पाण्यात साबण घालून खसाखसा..."

"साबण!" दादाने कपाळावर हात मारला आणि कपाळाला ग्रीस लागलं.

"आणि मी यायचो," पिपाणी हळूच म्हणाला, "तेव्हा तो बिचारा घासून घासून भुरा झालेला असायचा. मग मी तेल लावायचो. भरपूर लावायचो."

एक धुवायची, एक मशिन ऑइल चोपडायचा, एक त्याच्यावर जवसाचं तेल ओतायचा आणि तिघंही मनातल्या मनात बाकीच्या दोघांना शिव्या देत दाराला कुलूप लावून जायचे. शेगडी बंद होती म्हणून तव्याखाली जाळ तेवढा एकदाही पेटला नव्हता. दुर्लक्ष झालं असतं तर तवा थोडाफार गंजून तसाच राहिला असता. त्याची ही गत मायेने झाली होती.

"पण तुम्हाला किल्ल्या कुणी दिल्या?" दादाने विचारलं.

"आईने," ताईने सांगितलं. "म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे, बाकीच्यांना सांगू नको."

"मलाही तेच म्हणाली," पिपाणी म्हणाला.

"मलाही," दादा म्हणाला. "हॉस्पिटलात. माझा हात दाबून."

पहिल्यांदा पिपाणी हसला. मग ताईला हसू आवरेना. ती ओट्याला टेकून हसत राहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिने तिला वाटत होतं की आईची काळजी या जगात आपल्या एकटीलाच आहे. आता ते खोटं निघालं होतं आणि तिला इतकं हलकं वाटलं की दादाच्या पाठीत तिने एक धपाटाही घातला.

"पुरे," दादा पाठ चोळत म्हणाला. "आधी हे ऐका. माझं ऑइल खालपर्यंत मुरलंय. वरवर घासून भागणार नाही. सगळं काढावं लागेल. पार नागड्या लोखंडापर्यंत."

"सगळं?" ताई म्हणाली. "तो खालचा काळा थर आईचा आहे, दादा. लग्नापासूनचा."

"त्याच्यावर केलेलं तू आईला खाऊ घालशील?"

ताईने क्षणभर विचार केला आणि पर्समधून रबरी हातमोजे काढून दोघांपुढे टाकले. नर्सच्या पर्समध्ये ते असायचेच.

*

वहिनीने सरळ जायच्या जागी डावीकडे गाडी वळवली तेव्हा आई म्हणाली, "माझी कंबर मोडली होती, डोकं नाही. इकडून कुठे?"

"रस्ता खणलाय तिकडे."

"रविवारी?"

वहिनीने गिअर बदलला. मागे डिकीत आईची बॅग प्रत्येक खड्ड्याला धप्प वाजत होती.

"ताई रडतात हो रात्री," वहिनी थोड्या वेळाने म्हणाली. "एका तव्यावरून एवढं करायचं का, आई?"

"तव्यावरून कोण करतंय?" आई बाहेर बघत राहिली. खरं तर गुरुवारी तव्यावर हात टेकला तेव्हा तिला राग आलाच नव्हता. तिला भीती वाटली होती. "अगं, तवा गंजला याचा अर्थ काय? त्या घरात इतक्या दिवसांत कुणी पाऊलच टाकलं नाही. किल्ल्या दिल्या होत्या मी. मला वाटलं, एक दिवस दोघं चुकून एका वेळी येतील, दारात भेटतील, बोलतील. कुणी आलंच नाही. तिघांनाही ते घर नकोय. आता मी तिथे जाऊन बसले की माझ्यासाठी तिघांना तिथे यावं लागेल, घड्याळाकडे बघत आणि एकमेकांची तोंडं चुकवत. त्यापेक्षा मीच उठलेली बरी. आश्रमात निदान सगळे सारखेच नकोसे असतात."

वहिनीने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"आता काय झालं?"

"काही नाही. मला जरा नाक शिंकरायचंय," वहिनी म्हणाली.

किल्ल्यांचं हे तिलाही नवीन होतं. आपण एवढे निरोप वाहिले आणि म्हातारी मात्र कुणालाही पत्ता लागू न देता तिघांची गाठ घालायला बसली होती. घरी तिघं काय करत असतील कोण जाणे. ते भांडत असले तर आपणच आईंना तिथे नेऊन दाखवणार होतो.

*

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून तवा निघाला, त्याच्यावर ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश फिरला, मग व्हिनेगर, मग पुन्हा तार. बादलीतलं पाणी डांबरासारखं झालं. शेवटी दादाने तवा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. तो करडा, फिका आणि कोवळा दिसत होता. आपण कधी न पाहिलेलं कुणीतरी घरात येऊन उभं राहावं तसं दादाला वाटलं. त्याला गाड्यांचे भाग सुटे करायची सवय होती, पण हे करताना त्याचा हात हलका झाला होता.

"ही रेघ कसली?" ताईने बोट ठेवलं. दांडा तव्याला मिळतो तिथे केसाएवढी एक काळी रेघ दिसत होती.

दादाने वाकून ती रेघ जवळून पाहिली. बिडाला तडा गेला की संपलं. ते सांधत नाही, गरम केलं की उघडतं. "मी ग्राइंडर जोरात दाबला का?" तो स्वतःशीच म्हणाला.

"इकडे आण," पिपाणी म्हणाला. त्याने तवा दांड्याच्या भोकात बोट घालून अधांतरी धरला. "कुणी बोलू नका. दादा, नाकाने आवाज करू नकोस."

त्याने मधल्या बोटाच्या पेराने तव्याच्या कडेवर एकदा ठोकलं. नाद निघाला. भरलेला, स्वच्छ नाद. तो स्वयंपाकघरात फिरला आणि बराच वेळ विरला नाही. तडा असता तर तो बद्द वाजला असता, हे दादालाही माहीत होतं, तरी तो धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"धड आहे," पिपाणी म्हणाला. "ती रेघ ओतताना पडलेली असणार. उत्तम आहे. पियानोला लावावा असा आहे."

दादा मटकन खुर्चीवर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपण रडतोय असं कुणाला वाटू नये म्हणून त्याने नंतर उगाच डोळे चोळले.

"साबणाने शेवटचा धू आणि आण," तो ताईला म्हणाला. "आज तुझ्या साबणाला माफ."

ताईने तवा धुतला, निथळला आणि पुसायला फडकं शोधू लागली. फडकं मिळेपर्यंत करड्या लोखंडावर एक नारिंगी सावली पसरायला लागली. तिघांच्या डोळ्यांदेखत ती गडद होत गेली.

"दादा! हा परत गंजतोय!"

"शेगडी! शेगडीवर टाक! पुसत बसू नको!"

पिपाणीने काडी ओढली, ती मोडली, दुसरी ओढली. जाळ लागला. पाणी चुरचुरत उडालं आणि तवा कोरडा झाला. दादाने जाड फडक्याने ती नारिंगी भुकटी पुसली आणि तेलासाठी हात पुढे केला. तिघांचे हात एकदम आपापल्या बाटलीकडे गेले.

"खायचं तेल," ताई म्हणाली. "फक्त खायचं. तुमच्या बाटल्या बाहेर ठेवून या."

"माझंही खायचंच आहे, जवसाचं," पिपाणी कुरकुरला.

"तू ओततोस. माझ्या हातात दे." ताईने फडक्यावर थेंबभर तेल घेतलं आणि आत, बाहेर, दांड्यापर्यंत चोळलं. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढायला लागली.

"अगं, लावलंस आणि पुसतेस काय?"

"आई असंच करायची. आठवत नाही? तेल लावायचं आणि मग चुकून लागल्यासारखं पुसून टाकायचं. राहतं तेवढंच तव्याचं. बाकीचं चिकट होतं."

दादाने तवा पालथा करून जाळावर धरला. धूर निघाला, खिडक्या उघडल्या, पिपाणी खोकला. धूर संपला की पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा जाळ. प्रत्येक फेरीला करडा रंग आधी विटकरी, मग तपकिरी, मग सावळा होत गेला. एकाने धरायचं, एकीने पुसायचं, एकाने जाळ कमी-जास्त करायचा. मध्येच दादाच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ बोलतोय आणि त्यात भांडण नाही.

तवा जरा निवल्यावर त्याचा अंगठा दांड्याच्या खालच्या बाजूला अडला. तिथे एक उंचवटा होता, सुपारीच्या फोडीएवढा. इतकी वर्षं तो काळ्या थरात बुजून गेला होता.

"ही गाठ कसली? हातात टोचेल आईच्या. कानस मारतो, दोन मिनिटांत सपाट होईल."

त्याने कानस उचललीसुद्धा. ताईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, दादा. आज आपण खूप काढलंय. एवढं राहू दे."

फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. वहिनी हॉर्न कधी वाजवत नसे, म्हणजे तो इशारा होता. दादाने कानस खोक्यात टाकली.

*

आई काठी टेकत आत आली तेव्हा घरात निळसर धूर होता आणि तिची तीन मुलं ओट्यापुढे ओळीने उभी होती. ताईच्या नाकावर काजळी होती. दादाच्या कपाळावर ग्रीस होतं. पिपाणीच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंगच ओळखू येत नव्हता. वहिनीने आईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि श्वास सोडला.

"आग लागली होती का?" आई म्हणाली.

"आई, तवा मी बिघडवला," ताई एकदम म्हणाली. "मी साबणाने धुवायचे."

"तिचं ऐकू नको. मी मशिन ऑइल लावलं."

"खरं म्हणजे माझं जवसाचं..."

"एकेक जण बोला. कधी लावलं? कधी धुतलं?"

"ड्यूटी नसली की," ताई म्हणाली.

"गॅरेज बंद करून जाताना," दादा म्हणाला.

"मी कधीही," पिपाणी म्हणाला. "या बाजूला काम निघालं की. कधी कधी काम नसतानाही."

आईने खुर्चीची पाठ धरली. वहिनी पुढे झाली, पण आईने तिला हाताने थांबवलं.

"म्हणजे तुम्ही येत होता?"

"हो."

"तिघंही?"

"हो, पण वेगवेगळे," ताई म्हणाली. "दारात कधी भेटलोच नाही, आई. आजच कळलं."

आई खुर्चीत बसली. तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. हसावं की रडावं, हे तिचं तिलाच ठरवता येईना. तिची हनुवटी थरथरत होती आणि डोळे मात्र हसत होते. गुरुवारपासून तिच्या छातीवर जे ओझं बसलं होतं ते उतरलं आणि ते किती जड होतं, हे तिला आता कळलं. "मूर्ख आहात तिघंही," ती म्हणाली. "आण इकडे तो तवा."

दादाने तो दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला. तिने आतून हात फिरवला, मग सवयीने दांडा धरला, आणि तिचं बोट खालच्या गाठीवर जाऊन थांबलं.

"हे अजून आहे?"

"काय आहे ते?" दादाने विचारलं. त्याची नजर खोक्यातल्या कानशीकडे गेली.

"तुमच्या बाबांचा अंगठा. ओतकामाच्या कारखान्यात वाळूचा साचा करताना त्यांचा अंगठा चुकून वाळूत रुतला. वाळूत खड्डा पडला की लोखंडात उंचवटा येतो. साहेबांनी तवा बाद केला."

"पण बाबांनी तो तुझ्यासाठी मुद्दाम ओतला होता ना? लग्नात?" ताई म्हणाली. "आम्ही सगळ्यांना तसंच सांगतो."

"मुद्दाम कुठला! बाद मालातला उचलून आणला. लग्नात द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, त्यांना ओशाळं वाटायचं." आई गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. "चांगला निघाला असता तर दुसऱ्याच्या घरी गेला असता."

मग तिने काठी टेकली आणि उठली. "अंडं आहे का घरात?"

वहिनीने पर्स उघडली. सकाळीच तिने अर्धा डझन अंडी घेऊन ठेवली होती. आईने तवा तापवला, तेल सोडलं, अंडं फोडलं. चर्र झालं. तिघं मान पुढे करून बघत होते. तिने उलथनं कडेने घातलं. एक बाजू अलगद सुटली. दुसरी सुटेना. तिने जरा जोर लावला, तसा पिवळ्याचा एक तुकडा तव्याला धरून राहिला.

"चिकटलं," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"चिकटणारच. आज जन्मलाय तो. रोज जाळावर यायला हवा, मग धरत नाही." आईने चिकटलेला तुकडा खरवडून तोंडात टाकला. "उद्या तेल थोडं जास्त घालू."

"उद्या?" पिपाणीने विचारलं.

"का? उद्या कामं आहेत तुम्हाला?"

वहिनी काही न बोलता बाहेर गेली. डिकी उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. ती बॅग घेऊन आत आली आणि आईच्या खोलीकडे गेली.

"पाळ्या लावा," आई म्हणाली. "रात्री कुणीतरी लागेल मला. पण एकमेकांशी बोलून लावायच्या, हिच्यामार्फत नाही. आणि किल्ल्या काढा."

तिघांनी खिशातून, पर्समधून आपापल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. तीनही नव्यासारख्या चकचकीत होत्या, वापरून वापरून घासलेल्या.

"आई, एक तरी राहू दे," ताई म्हणाली. "पुन्हा पडलीस तर?"

"एक सूनबाईकडे राहील. बाकीच्या त्या खिळ्याला लाव." आईने तवा पुसायला घेतला. "घरात माणूस असलं की कुलूप उघडून यायचं नसतं. दार वाजवायचं. मला यायला वेळ लागेल, पण मी उघडीन."